मॅडम, नायट्रेटचे डाग गेले

मॅडम, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "होय होय, ठेव आता, लाइन जाईन" म्हणून मोकळ्या होता. म्हणून हे इथं, सगळ्यांसमोर.

वाचणाऱ्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. सीमॅक हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं हवेच्या गुणवत्तेचं मॉडेल, फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं. वणी-घुग्घुस-चंद्रपूर पट्ट्यातली कोळशाची धूळ आणि धूर त्यात घालायच्या आधी ते आपल्या मशीनवर नीट बसलंय का, हे बघावं लागतं. त्यासाठी नमुन्याचा डेटा मिळतो: आग्नेय अमेरिका, १२ किलोमीटरचे चौकोन, १ आणि २ जुलै २०१६. म्हणजे वणी तालुक्यात बसून जॉर्जियाचा ओझोन मोजायचा. असो.

ताडून पाहायची उत्तरं इंटेलच्या कंपायलरवर (लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) काढलेली होती आणि माझ्याकडे जीफोरट्रान हा दुसरा, फुकटातला कंपायलर. ओझोन जवळपास जुळला, पण बारीक कणांमधल्या नायट्रेटच्या फरकाच्या नकाशावर मधेच डाग. ज्याला विचारावं तो म्हणायचा, "इंटेल घे, विषय संपव."

तुम्ही तसं म्हणाला नाहीत. "ओझोन-बिझोन मले नाही समजत, पण फोरट्रान मी शिकवलं हाये. कोन बरोबर ते मंग पाहू, पयले फरक कुठून येते ते पाय," असं म्हणून मशीन तुमच्या इन्व्हर्टरवर लावून दिलंत. भारनियमनात गावात रात्रभर रन, म्हणजे मॉडेलची एक फेरी, चालवणं म्हणजे काय, हे इथल्याच माणसाला कळेल.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तुमचा हट्ट. आधी तीच बांधणी (कंपायलरनं तयार केलेलं मॉडेल) दोनदा चालवली. शेवटच्या अंकापर्यंत तेच उत्तर. नेटसीडीएफ, आयओएपीआय, एमपीआय या मॉडेलला लागणाऱ्या तयार कोडच्या लायब्ररी, सगळ्या त्याच कंपायलरनं पुन्हा बांधल्या. काही हललं नाही. न भरलेल्या चलांमध्ये मुद्दाम 'नॅन' (म्हणजे 'ही संख्याच नाही' अशी खूण) भरून, अ‍ॅरेच्या, म्हणजे आकड्यांच्या रांगांच्या, सीमा तपासायला लावून पाहिलं, तिथंही काही सापडलं नाही. मग ऑप्टिमायझेशन, म्हणजे वेगासाठी कंपायलर कोडमध्ये करतो ती काटछाट, शून्यावर आणलं आणि डाग आक्रसले.

तिथून वाट दिसली. बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये 'मार्च नेटिव्ह' होतं, म्हणजे 'या मशीनच्या प्रोसेसरला जे जमतं ते सगळं वापर' असा कंपायलरला हुकूम. त्यामुळे प्रोसेसर गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत उरकतो आणि दोनदा करायचं पूर्णांकन एकदाच करतो. इंटेलचा कंपायलरही सांगितलं नाही तर वेगासाठी गणिताचा क्रम बदलायची मोकळीक घेतो. मॉडेल आकडे एकेरी अचूकतेत ठेवतं, म्हणजे हातात सातेक अंक, त्यामुळे क्रम बदलला की शेपटीचा अंक बदलणारच. तुम्ही म्हणालात, "गाडीभर कापूस एकदम तोल, नाहीतर गाठोडं-गाठोडं तोलून दर वेळी किलोत लिही. बेरीज तेच येते काय?" वडील शेजारीच बसले होते. कंपायलर म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी कळलं, असं ते अजून सगळ्यांना सांगतात.

पण शेपटीच्या अंकानं नायट्रेटच का हलावं? अमोनियम नायट्रेट तापमान आणि आर्द्रतेनुसार वायूत जातं, पुन्हा कणात येतं. तो समतोल सोडवणाऱ्या कोडमध्ये 'असं असेल तर इकडे, नाहीतर तिकडे' अशा अटी खच्चून भरलेल्या आहेत. किंमत उंबरठ्यावर असली की सातव्या अंकातला फरकही दुसऱ्या फांदीवर ढकलतो. हे तुम्ही रसायनाचं पुस्तक न उघडता, नुसता कोड वाचून दाखवलंत. मला याचंच सगळ्यात अप्रूप वाटलं.

गुणाकार-बेरजेची ती मिसळण बंद करून ऑप्टिमायझेशन पुन्हा चढवलं, तेव्हा डाग गेले. जे थोडं उरलं ते विखुरलेलं, एका बाजूला न झुकणारं, दुसऱ्या दिवशीही न वाढणारं. "आता लिहून ठेव अन् पुढं चाल," म्हणालात. लिहून ठेवलंय: कंपायलरची आवृत्ती, त्याला दिलेला प्रत्येक फ्लॅग (हुकूम), किती प्रोसेसर, सगळं. माझ्यामागून येणाऱ्याला ती वही मिळेल.

मॅडम, मनापासून आभार. पुढच्या आठवड्यात चंद्रपूरचं उत्सर्जन घालून पहिला रन लावते आहे. इन्व्हर्टर मोकळा ठेवा.

तुमची,
वर्गात कधीच न बसलेली विद्यार्थिनी