ताप उतरल्याचा आनंद

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला मुलांच्या तापावरचा लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा रागाने. पाऊण पानात सेप्सिसला (जंतुसंसर्गाने शरीर बिथरून अवयवच निकामी होऊ लागतात, त्याला) जेमतेम दोन ओळी आणि शेवटी सल्ला काय, तर ताप उतरला की पालकांनी निश्चिंत व्हावे! लेखक डॉक्टर आहेत, मी निवृत्त शिक्षिका. तरी त्या वाक्याखाली लाल रेघ मारल्यावाचून राहवले नाही.

गेल्या पावसाळ्यात माझा अडीच वर्षांचा नातू दोन दिवस तापाने फणफणला होता. गुडघा खरचटलेला, त्यात पू. तिसऱ्या दिवशी दुपारी हातपाय गार पडले. मी म्हटले, चला, उतरला एकदाचा! आणि तासभर त्याच्या तळव्यांना सुंठ चोळत बसले. पोर मलूल पडून होते, तर मी म्हणते कशी, आज किती शहाण्यासारखा निजलाय. सकाळपासून शू झालेली नाही, हे सुनेच्या लक्षात आले. जवळच्या दवाखान्यात आमचा नंबर सतरावा. आता अंग तापलेले नाही ना, मग बसा, असे काउंटरवरच्या मुलीने सांगितले. आणि आम्ही बसलो.

शेवटी मुंबई नाक्याजवळच्या इस्पितळात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीवर बोट दाबून सोडले आणि आकडे मोजले. दाबल्याने फिकी पडलेली जागा दोन सेकंदांत पूर्ववत व्हायला हवी. याची पाचावर झाली. बीपी तर नॉर्मल आहे ना, असे मुलाने विचारले. लहान मुलांचे बीपी सगळ्यात शेवटी पडते, त्याची वाट बघायची नसते, असे बाई म्हणाल्या. बोलता बोलता रक्त कल्चरला (म्हणजे जंतू शोधायला) गेले, सलाइन लागले, अँटिबायोटिकही सुरू झाले. शॉकची, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडल्याची, लक्षणे असली तर अँटिबायोटिक तासाभरात जावेच लागते म्हणे. आमचा त्याआधीचा वेळ सुंठ, नंबर आणि द्वारका यांत गेला होता. द्वारका चौकात रिक्षा २५ मिनिटे जागची हलली नाही. त्या कोंडीचे फोटो आपण इतक्या वर्षांत इतके छापलेत, की एव्हाना अल्बम झाला असेल.

नातू नऊ दिवसांनी घरी आला. आता माझा चष्मा लपवतो.

लेखाखाली अर्धे पान टॉनिकची जाहिरात होती, त्यात निळ्या डोळ्यांचे बाळ (नाशिकमध्ये बाळे मिळाली नाहीत का?). तेवढ्या जागेत सहज मावले असते: एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त, हातपाय गार, कातडी चट्ट्यापट्ट्यांची, शू नाही, हाक मारली तरी डोळे उघडत नाही, यातले काहीही दिसले तर ताप असो वा नसो, नंबर न लावता आत शिरा. तान्ह्या बाळाला तर कित्येकदा ताप येतच नाही, उलट अंग थंड पडते. १३ सप्टेंबरला जागतिक सेप्सिस दिन असतो, तेव्हा तरी छापा. टाइप मोठा ठेवा.

– एक आजी, जेलरोड, नाशिकरोड
(नाव छापू नये. सुंठेचा तास पूर्ण होता, हे सुनेला अजून माहीत नाही.)