थीम पार्कचा पूर्ण दर आधीच सांगा

महोदय,

सुट्ट्या लागल्या की ठाणे, ऐरोली, वाशी परिसरातील अनेक कुटुंबे मुलांसाठी थीम पार्क रिसॉर्टचा बेत आखतात. मात्र जाहिरातीतील दर आणि प्रत्यक्षात भरावी लागणारी रक्कम यांत मोठी तफावत असते. प्रवेशशुल्क भरल्यावर लॉकर, पोहण्याचा पोशाख, वाहनतळ, रांग टाळण्याचा वेगळा पास असे आकार एकामागून एक पुढे येतात, आणि बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास मनाई असेल तर लहान मुलांसह गेलेल्यांना आतील महागडे जेवण घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मला हे सर्वांत अन्यायकारक वाटते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, आधी कमी किंमत दाखवून पैसे भरताना ती वाढवणे ही ऑनलाइन व्यवहारातील अनुचित प्रथा आहे. म्हणून बुकिंगच्या पहिल्याच पानावर करांसह संपूर्ण रक्कम, तसेच लॉकर व वाहनतळाचे दर ठळकपणे द्यावेत आणि प्रशासनाने त्याची तपासणी सुट्ट्यांपूर्वीच करावी. ग्राहकांनीही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

– एक पालक, ऐरोली, नवी मुंबई