दिनूस पत्र : पंधरा पैशांचं पोस्टकार्ड

नाशिक,
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय दिनू,

फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्येमध्ये बोलतोस. म्हणून लिहितोय.

तांबट लेनमधला आपला वाडा शेवटी बिल्डरकडे गेला. दिवाळीनंतर पाडणार आहेत. गेले तीन रविवार मी आमच्या दोन खोल्या रिकाम्या करतोय. भंगारवाल्याने पितळेच्या बंबाकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा असं काही बघितलं की मी बंब विकायचाच नाही असं ठरवलं. आता तो फ्लॅटच्या बाल्कनीत ठेवलाय आणि बायको माझ्याशी मोजकंच बोलते. असो.

काल माडीवरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली एक पोस्टकार्ड सापडलं. पंधरा पैशांचं, पिवळं पडलेलं. अक्षर माझं, सातवीतलं. पत्ता : ‘श्री. अशोककुमारजी, हम लोग, दूरदर्शन, नई दिल्ली’. शिक्का नाही, कारण ते कधी पेटीत पडलंच नाही. थांब, सांगतो.

‘हम लोग’ तुला आठवणारच, टीव्ही तुमचाच होता. लाकडी शटरचा. तुझे बाबा शटर उघडायचे तेव्हा गाभाऱ्याचा पडदा सरकवल्यासारखं वाटायचं. आपल्यापैकी एक जण कौलांवर अँटेना फिरवायचा, एक खिडकीत, आणि संभाषण ठरलेलं : “आलं का?” “मुंग्या!” “आता?” “अजून मुंग्या!” मालिका सुरू झाली 7 जुलै 1984 ला, आणि पुढच्या वर्षीच्या 17 डिसेंबरला संपली. समोरचे मास्तर पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ऐकवायचे की ही आयडिया वसंतराव साठ्यांची, आणि साठे जन्माने नाशिकचे. जणू मास्तरांनीच त्यांना अंगाखांद्यावर खेळवलं होतं. पण गोष्ट खरी आहे. माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना साठे मेक्सिकोला गेले होते. तिथे मिगेल साबिदो नावाच्या माणसाने लोकांना शिकवण्यासाठी मालिका काढल्या होत्या, एक प्रौढ साक्षरतेवर, एक कुटुंबनियोजनावर. तसं काही आपल्याकडे करावं असं साठ्यांनी मनावर घेतलं, मनोहर श्याम जोशींनी लिहिलं आणि पी. कुमार वासुदेवांनी दिग्दर्शन केलं. पहिल्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचे इतके डोस होते की लोक कंटाळले, मग डोस कमी करून गोष्ट वाढवली.

आपल्या वाड्याची लाडकी अर्थातच दादी, इमरती देवी. तुझी आजी तिच्यासारखी कमरेवर हात ठेवून नळावर भांडायची. दादीला कॅन्सर झाला तेव्हा अख्खा वाडा हवालदिल. (दादी झालेल्या सुषमा सेठ तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या, हे मला परवा कळलं. आपण 53. म्हणजे त्या दादीला आता आपण ‘अगं ए’ म्हणू शकतो.) तू नन्हे होऊन बॅट फिरवायचास, कारण त्याला क्रिकेटर व्हायचं होतं. ताईला बडकी आवडायची. मझली सिनेमात जायला मुंबई गाठते, यावर बायकांनी नळावर आठवडाभर बैठक घेतली.

भागवंतीबद्दल कोणी बोलल्याचं मला आठवत नाही. बसेसर रामची बायको, लल्लू, बडकी, मझली, नन्हे या सगळ्या पोरांची आई. जयश्री अरोरांनी केली होती. नवरा पिऊन येतो, सासू येताजाता टोचते, आणि ही रांधते, वाढते, उष्टी काढते. घरातल्या तुळईकडे कोण मान वर करून बघतं, तसं तिचं.

आमची आई बघायची.

तुमच्या घरात ती कधी बसली नाही, लक्षात आहे का तुझ्या? दारात उभी राहायची. डावा खांदा चौकटीला, हाताला कणीक, कारण आमच्याकडे स्टोव्हवर काहीतरी असायचंच. बावीस मिनिटांचा भाग, बावीस मिनिटं उभी. तुझी आई म्हणायची, “वहिनी, टेका की जरा.” आणि आई म्हणायची, “नको, दूध ठेवलंय.” दर भागाला दूध. आमच्याकडे एवढं दूध कधीच येत नव्हतं.

आमचे अण्णाही यायचे अधूनमधून. पण बसेसर राम झोकांड्या देत आला की अण्णा हळूच उठून गॅलरीत विडी ओढायला जायचे, आणि जाताना पाय मोजून टाकायचे. तू कधी काही बोलला नाहीस. ते मी विसरलेलो नाही.

मध्येच मॅगीची जाहिरात लागायची, मालिकेला पैसा त्यांचाच होता. एकीकडे भागवंती दिवसभर चुलीशी आणि लगेच दुसरीकडे दोन मिनिटांत हसतहसत वाढणारी आई! आमच्या आईने ते दोन मिनिटांचं प्रकरण एकदाच केलं. कांद्याची फोडणी, काळा मसाला, वरून शेंगदाण्याचं कूट. पाऊण तास लागला. तू दोनदा घेतलीस.

तर पोस्टकार्ड. एका दुपारी आईने मला बसवलं आणि म्हणाली, हिंदीत लिही. सिनेमातले अशोककुमार भागाच्या शेवटी येऊन दोन समजुतीचे शब्द सांगायचे, ‘छन पकैया छन पकैया’ म्हणत दोहा टाकायचे, त्यांच्यावर तिचा भरवसा होता. माझं हिंदी बेतास बात. जसं आहे तसं उतरवतो :

‘आदरणीय अशोककुमारजी, सादर नमस्ते. भागवंती को एक दिन सबके साथ बिठाकर गरम पोली खाने दो. वह हमेशा बाद में खाती है और ठंडी खाती है. लल्लू को नोकरी नहीं है, तो उसको परोसने बोलो. हमारे यहां भी ऐसा ही है. आपकी, एक बहन.’

‘रोटी’ लिहू का म्हणून मी विचारलं होतं. आई म्हणाली, “पोळीच लिही. रोटी म्हटलं तर भाकरी समजतील.”

मी कार्ड घेऊन रविवार कारंजापर्यंत गेलो. पेटीपाशी उभा राहिलो आणि शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. हमारे यहां भी ऐसा ही है. उघडं कार्ड, दिनू. पोस्टमन वाचणार, सॉर्टिंगवाला वाचणार, दिल्लीला अशोककुमार वाचणार, आणि समजा त्यांनी टीव्हीवर वाचून दाखवलं तर तुमच्या खोलीत सगळ्या वाड्यासमोर. मी तसाच परत आलो, कार्ड ट्रंकेत कागदाखाली सरकवलं आणि आईला सांगितलं, “टाकलं.”

त्यानंतर कितीतरी दिवस ती भाग संपत आला की सगळं टाकून दारात यायची. शेवटचं अर्धं मिनिट. अशोककुमार बोलायचे, तिचे ओठ किंचित हलायचे. मी सतरंजीच्या दशा मोजत बसायचो. त्यांना म्हणे चार लाखांवर पत्रं आली होती.

आता खरी गंमत ऐक. आमची मुक्ता पुण्यात मास कम्युनिकेशन शिकते. तिला ‘हम लोग’ अभ्यासाला आहे! ती म्हणाली, बाबा, साबिदोच्या पद्धतीत पात्रं तीन तऱ्हेची असतात. काही चांगली, त्यांचं घ्यायचं. काही वाईट, त्यांचं टाळायचं. आणि काही मधली, हळूहळू सुधारणारी. यात भागवंती टाळायच्या रांगेत होती. असं निमूट सोसत राहू नका, हे बायकांना दाखवायला तिला लिहिलं होतं. पण अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनी प्रेक्षकांना विचारलं, तर तिला आदर्श मानणारेही निघाले, आणि त्यांत बहुतेक बायकाच. मुक्ताचं म्हणणं, प्रेक्षकांनी उलटा अर्थ घेतला.

मी तिच्यापुढे कार्ड ठेवलं. म्हटलं, तुझ्या आजीने काय घेतलंय ते वाच. ह्या कार्डात ‘भागवंती किती थोर’ असं कुठे आहे? तिला सगळं नीट कळलं होतं. तिला फक्त भागवंतीचा राग आला नाही. आणि तो का यावा? टीव्हीवर आईला एक चुकीचं उदाहरण दिसायला हवं होतं, तिला थंड पोळी दिसली. त्या अभ्यासातही कोणी ‘भागवंती आवडते’ म्हणाली असेल, तर तिला नेमकं काय म्हणायचं होतं, ते त्या प्रश्नावलीच्या चौकोनात मावलं असेल का, मला शंका आहे. मुक्ता गप्प बसली, मग कार्डाचा फोटो काढून घेतला. प्रोजेक्टला लावणार म्हणाली. मी नको म्हटलंय. अजून भांडण चालू आहे. तुझं काय मत?

आईला दाखवू की नको यात संध्याकाळ गेली. आता ती पंचाहत्तरची आहे. मोतीबिंदू काढल्यापासून चष्म्याशिवाय वाचते आणि त्याचा तिला फार तोरा आहे. शेवटी दिलं हातात. तिने कार्ड लांब धरलं, ओठ हलवत सावकाश वाचलं. उलटून शिक्का शोधला.

“टाकलंच नव्हतंस होय?”

मी काहीच बोललो नाही.

“आणि मी आपली म्हणतेय इतकी वर्षं, अशोककुमारला चार कामं असतील.” मग पुन्हा वाचलं. “अक्षर मात्र तेव्हा चांगलं होतं तुझं.”

कार्ड तिने पोथीत ठेवलंय. परत मागायची माझी हिंमत नाही.

तुमच्या खोलीच्या दाराची चौकट अजून आहे. बिल्डरचा माणूस म्हणाला, सागवान आहे, हवी असेल तर आठ दिवसांत उचला. मी नेली असती, पण बंबाचं प्रकरण ताजं आहे. तू येऊन घेऊन जा, टेम्पोचे पैसे अर्धे मी देईन. आलास की जेवायलाच ये. आईने विचारलंय, तुला त्या शेवयांत कूट अजून चालतं का.

तुझा,
बाळ्या