संविधान सभा तीन ओळींत?

महोदय,
नातीची नागरिकशास्त्राची वही परवा चाळली. संविधान सभेवर जेमतेम तीन ओळी : दोन अध्यक्षांची नावे आणि कामकाजाचा कालावधी. खाली लाल शाईत ‘पाठ करा’. उद्देशिका ती रोज शाळेत घडाघडा म्हणते. पण ‘बंधुता’ हा शब्द जिच्यावरून उद्देशिका घडली त्या, डिसेंबर १९४६ मध्ये सभेत मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात नव्हता, तो नंतर मसुदा समितीने घातला, हे तिला कुणी सांगितलेलेच नाही. फाळणीत माणसे मारली जात असताना हे काम चालू होते, हे सांगितले तर तो शब्द मुलांना कसा भिडेल!

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी श्रेयाचा वाटा सभेचे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव आणि मसुदा लिहिणारे एस. एन. मुखर्जी यांना आवर्जून दिला. आम्ही ही नावे विसरलो. हंसा मेहता, दाक्षायणी वेलायुधन यांच्यासह १५ महिला सभेत होत्या, त्याही विसरलो.

येत्या २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, प्रतिमापूजनानंतर शाळांनी संविधान सभेतील चर्चेचे एक तरी पान वर्गात वाचून घ्यावे आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक आजी, सातारा