केमोथेरपीच्या खर्चात सोबतीचाही खर्च धरा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : स्तनकर्करोगाच्या रुग्णांची सामाजिक परिस्थिती हा उपचारांचाच भाग मानण्याबाबत

माननीय मंत्रिमहोदय,

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन गरीब कुटुंबांच्या आवाक्यात आले, हे विदर्भातल्या एका कर्करोग रुग्णालयात स्वयंसेविका म्हणून काम करताना मी पाहते आणि त्याचे मोल जाणते. माझे म्हणणे रुग्णालयाच्या दाराबाहेर जे घडते आणि ज्याची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही, त्याविषयी आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत केमोच्या वॉर्डात एकट्या आलेल्या बाया जास्त दिसतात. सोडायला आलेला नवरा किंवा भाऊ मजुरी बुडते म्हणून त्याच एसटीने परत फिरलेला असतो. एका हाताला सलाईन लावलेली बाई दुसऱ्या हाताने डब्याचे झाकण उघडू पाहते, ते निघत नाही, आणि डबा तसाच पिशवीत जातो. एकीने सांगितले की घरी तिचे ताट आणि पेला वेगळा काढला आहे, नातवाला तिच्याजवळ झोपू देत नाहीत. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही, हे तिच्या घरी जाऊन सांगणारे कोणी नव्हते.

हा केवळ करुणेचा विषय असता तर मी आपणांस लिहिले नसते. दीर्घकाळचा ताण, झोपेचा अभाव, हातातोंडाची चिंता आणि एकटेपणा यांमुळे चेतासंस्थेतून नॉरॲड्रेनॅलिनसारखी ताणाची द्रव्ये सतत स्रवतात, रोगप्रतिकारक पेशींतील दाह वाढवणारी जनुके अधिक सक्रिय होतात, आणि रक्तातील इंटरल्यूकिन-६ हे दाहाचा संदेश देणारे प्रथिन व त्याच्या इशाऱ्याने यकृतात तयार होणारे, दाहाची खूण मानले जाणारे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन यांची पातळी वाढू शकते. जखम झाल्यावर येणारा आणि ओसरणारा दाह वेगळा. हा मंद, न दिसणारा आणि महिनोन्‌महिने टिकणारा असतो. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचारांनंतर ज्या स्त्रियांच्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन जास्त होते त्यांचे जगण्याचे प्रमाण कमी आढळले. त्याआधी, २००६ साली, तिथल्याच स्तनकर्करोग झालेल्या २,८३५ परिचारिकांच्या पाहणीत, नात्यागोत्यांपासून तुटलेल्या स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाने मृत्यू होण्याचे प्रमाण गोतावळ्यातल्या स्त्रियांच्या सुमारे दुप्पट दिसले होते.

यावरून एकटेपणामुळेच रोग बळावतो असे सिद्ध होत नाही, कारण वाढलेले वजन, धूम्रपान, मधुमेह यांनीही दाह वाढतो आणि एकट्या पडलेल्या बाईची औषधे व तपासण्याही चुकतात. मात्र कारण रक्तातले असो वा चुकलेल्या तारखेचे, दोन्हींवरचा उपाय बराचसा एकच आहे : बाईला एकटे पडू न देणे. ‘ताण घेऊ नका’ हा सल्ला मात्र तो उपाय नव्हे. तो रोगाचे खापर पुन्हा त्या बाईच्याच माथी फोडतो.

अमेरिकेतील ओहायो राज्यात स्तनकर्करोगाचे उपचार झालेल्या २०० स्त्रियांवरील एका प्रयोगात, आठवड्यातून दोनदा असे बारा आठवडे योगवर्ग घेतल्यानंतर तीन महिन्यांनी वर्गातल्या स्त्रियांमधील थकवा आणि दाहाचे निर्देशांक तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळले. योगाचे नाव निघाले की आपल्याकडे शिबिरे भरवून छायाचित्रे काढण्याचा मोह होतो, म्हणून एक गोष्ट नमूद करते : तुलनेच्या गटातल्या स्त्रियांचे असे वर्ग भरतच नव्हते, त्यामुळे फायदा आसनांचा किती आणि नियमितपणे एकत्र जमण्याचा किती, हे त्या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. जिल्हा रुग्णालयात दर पंधरवड्याला उपचार घेतलेल्या स्त्रियांची बैठक भरवायला एक खोली आणि एक समुपदेशक पुरेसा आहे.

सर्वांत निकडीची मागणी सोबतीच्या माणसाची आहे. केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीला एका सोबत्याचा प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी योजनेतून मिळावी. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने कर्करोगाच्या रुग्णांची आणि नातलगांची जी सोय केली आहे, तशी विभागीय शहरांत शासनाने का करू नये? केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर, म्हणजे उपचार घेऊन त्याच दिवशी घरी जाता येईल अशी, कर्करोग केंद्रे उभारण्याचे जाहीर केले आहे. ती गडचिरोली, यवतमाळ, नंदुरबार अशा जिल्ह्यांत आधी व्हावीत, म्हणजे मुक्कामाचा प्रश्नच पुष्कळसा मिटेल. आशाताई तपासणीसाठी घरोघरी जातातच. उपचार संपवून परतलेल्या बाईच्या घरी जाण्याचे काम त्यांच्याकडे मोबदल्यासह सोपवावे, आणि वेगळ्या काढलेल्या ताटाबद्दल सासूशी नि नवऱ्याशी बोलण्याचे प्रशिक्षणही द्यावे.

याशिवाय केसपेपरवर चार साधे प्रश्न असावेत : घरी कोण आहे, सोबत कोण आले, मजुरी किती बुडाली, झोप लागते का. त्यांच्या जोडीला काही शासकीय केंद्रांत रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनची नोंद ठेवली, तर अमेरिकन परिचारिकांच्या आकड्यांवर विसंबून न राहता इथल्या शेतमजूर बाईविषयी आपल्याला बोलता येईल. आणि अशा बाया थोड्या नाहीत : २०२२ साली देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाल्याचा जागतिक अंदाज आहे.

सोबत्याचा भत्ता आणि आशाताईंच्या भेटी, या दोन मागण्यांवर तरी आपल्या विभागाने लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक रुग्णसेविका, विदर्भ