पाण्याचा जग तुम्ही सांडलाच नव्हता

मेट्रनबाई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्या लेकाच्या इंग्लंडातल्या बोर्डिंग शाळेत मुलांची देखभाल करता, आणि हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. टर्म संपली तेव्हा इथल्या रिवाजाप्रमाणे कार्ड दिलं, चॉकलेटचा डबा दिला, कार्डात इंग्रजीत चार ओळी खरडल्या. पण या देशात बसमधून उतरतानाही ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणतात. तेच दोन शब्द तुम्हाला देताना मला कसंतरीच झालं. म्हणून हे मराठीत. शिवाय ज्यांनी हे वाचावं असं मला वाटतं ते मराठीच वाचतात, आणि त्यात आमचे निम्मे नातेवाईक आहेत.

"आठ वर्षांच्या पोराला बोर्डिंगात टाकलं!" सांगलीपासून ठाण्यापर्यंत सगळ्यांचं हेच वाक्य. 'ठेवलं' कुणीही म्हटलं नाही. आपल्याकडे मूल बालवाडीत 'घालतात', क्लासला 'लावतात' आणि होस्टेलात 'टाकतात'. क्रियापदातच निकाल लागलेला असतो. आठवड्यातल्या पाचच रात्री, शनिवारी दुपारची मॅच झाली की घरी, हे सांगून मी थकले आणि मग सांगायचं सोडून दिलं.

खरी गोष्ट अशी की माझ्या हॉस्पिटलात नाइट असतात आणि नवरा सोमवार ते गुरुवार दुसऱ्या शहरात असतो. सासूबाई होत्या तोवर घर चालत होतं. पण व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचा. सहा महिने भरले, आजी विमानात बसली, आणि चौथ्या रात्री लेकाने अंथरूण ओलं केलं. पाच वर्षांत पहिल्यांदा.

मी डॉक्टर आहे. साडेनऊ वर्षांच्या मुलांमध्येही शंभरातली आठेक मुलं अधूनमधून अंथरूण ओलं करतात, हे मला पाठ आहे. दुसऱ्यांच्या आयांना मी ते शांतपणे सांगते. स्वतःच्या घरी मात्र पहाटे तीनला, दुसऱ्या दिवशीची ड्यूटी डोळ्यांसमोर असताना, मी त्याच्यावर ओरडले. "एवढा मोठा झालास ना रे?" असं म्हणाले. तेव्हा आधी कोण कोण कमी पडलं याची यादी करायची, तर पहिलं नाव माझं.

दुसरं नाव त्याच्या आधीच्या शाळेचं. नाव घेत नाही. वर्गाची दोन रात्रींची सहल होती. मी आधी चिठ्ठी दिली होती, वर्गशिक्षिकेशी बोलले होते. परतल्यावर फाटकापाशी, दहा-बारा आया उभ्या असताना, तिने माझ्या हातात एक पारदर्शक पिशवी दिली. आत ओली स्लीपिंग बॅग. वर हसून, "छोटासा अपघात झाला हं." पारदर्शक! त्या शाळेत काळी पिशवी नव्हती का? पुढचे तीन आठवडे पोरांनी त्याला काय काय नावं ठेवली ते इथे लिहीत नाही. तक्रार घेऊन गेले तर मीटिंग झाली, आणि त्या मीटिंगमध्ये 'रेझिलिअन्स' हा शब्द मी अकरा वेळा ऐकला. मोजला. मुलाने कणखर व्हायला हवं म्हणे. पिशवी कुठली द्यायची यावर कुणी बोललं नाही.

मग तुमची शाळा. आपल्या वाचकांसाठी थोडं सांगते. इंग्लंडात 'पब्लिक स्कूल' म्हणजे पक्की खासगी शाळा, आणि तिथे तेराव्या वर्षी जायचं तर त्याआधीची तयारी करून घेणारी ती 'प्रेप स्कूल'. साधारण सात-आठ ते तेरा वर्षांची मुलं. शेवटी कॉमन एन्ट्रन्स नावाची परीक्षा, ती १९०४ पासून चालत आलीय. संध्याकाळचा गृहपाठ शाळेतच बसून करायचा, त्यालाही 'प्रेप'च म्हणतात. फी ऐकून माझ्या वडिलांनी फोनवर नुसतं "बरं" म्हटलं. जानेवारी २०२५ पासून त्या फीवर वीस टक्के व्हॅट आलाय, तेव्हा हल्ली त्यांना आकडा सांगतच नाही.

फॉर्म भरताना माझा हात अडला तो 'मुलाबद्दल काही विशेष' या रकान्यावर. कॉलेजात असताना जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने स्वतःच्या लहानपणाबद्दल लिहिलेलं वाचलं होतं. १९११ साली आठव्या वर्षी तो ईस्टबर्नच्या एका प्रेप शाळेत गेला आणि अंथरूण ओलं करू लागला. रोज रात्री देवाची प्रार्थना करायचा, की आज नको. तरी व्हायचंच. त्याबद्दल परक्या बाईसमोर त्याची शोभा केली आणि हेडमास्तरांनी मारलं. आता १९९९ पासून इथल्या खासगी शाळांतही छडी कायद्याने बंद आहे, हे मला माहीत होतं. पण छडीशिवायही पोराला कसं फोडून काढता येतं ते मी नुकतंच फाटकापाशी पाहिलं होतं. रकाना दोन दिवस कोरा राहिला. मग लिहिलं.

तिसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. किती वेळा होतं, औषध चालू आहे का, डॉक्टरांचं पत्र आहे का, हे प्रश्न येणार म्हणून मी उत्तरं जुळवून बसले होते. तुम्ही विचारलंत, "झोपताना त्याला दिवा लागतो, की दार उघडं?" मी म्हटलं, दार. तुम्ही म्हणालात, "छान. माझी खोली त्याच बाजूला आहे."

आपल्याकडे मेट्रन म्हटलं की सिव्हिल हॉस्पिटलातली, कडक इस्त्रीची, चपलांचा आवाज आला की शिकाऊ नर्सा सरळ उभ्या राहतात ती बाई. मीही तसंच काहीतरी धरून चालले होते. तुमच्या अंगात जुना हिरवा स्वेटर, खिशात थर्मामीटर, नखं कापायचं नेलकटर आणि उवांची फणी. प्रत्येक मोज्यावर नावाची पट्टी शिवलेली आहे की नाही ते तुम्ही बघत होतात. लेकाचे बारा मोजे मी रात्री जागून शिवले होते, त्यातल्या दोन पट्ट्या उलट्या. तुम्ही काही न बोलता उसवून पुन्हा शिवल्यात.

त्या शाळेत माणसं किती प्रकारची असतात, हे मला त्याच्या दर आठवड्याच्या पत्रांतून कळलं. आठवड्यातून एकदा सगळ्यांना घरी पत्र लिहायला बसवतात, कागदावर, पेनाने. पहिलं पत्र संपूर्ण असं होतं: "प्रिय आई-बाबा, पाऊस. आम्ही सात गोलने हरलो. सॉसेज खाल्लं नाही. ठीक आहे." पुढे पत्रं लांबत गेली. मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारे आजोबा येतात. त्यांच्या गवतावरून बूट घालून गेलं तर ते हेडमास्तरांनाही सोडत नाहीत. ऑस्ट्रेलियाहून वर्षभरासाठी आलेला एकोणीस वर्षांचा दादा आहे, शाळा आणि कॉलेजच्या मधल्या मोकळ्या वर्षात आलेला म्हणून त्याला सगळे 'गॅप' म्हणतात आणि तो संध्याकाळी अंघोळींवर लक्ष ठेवता ठेवता स्वतःच भिजतो. मिनीबस चालवणारे काका हरलेल्या टीमला जास्त बिस्किटं देतात. हाउसमास्तर, म्हणजे होस्टेलचे प्रमुख, आहेत, त्यांचा कुत्रा आहे, आणि पत्रांमध्ये कुत्र्याला जागा जास्त मिळते. स्वयंपाकघरातल्या बाईंनी त्याला एकट्याला टोस्टवर चीज आणि मिरपूड देऊन बघितली. आता टेबलावरच्या चौघांना तेच हवं असतं.

तुमच्याबद्दल पत्रांत फार नसायचं. "मेट्रनने नखं कापली." एवढंच. घरातल्या भिंतींबद्दल कुणी लिहितं का?

आता त्या सकाळचं. हे मला आठेक महिन्यांनी कळलं. तुम्ही सांगितलं नाहीत, हाउसमास्तरांनी सांगितलं नाही, कुठल्या ईमेलमध्ये आलं नाही.

नोव्हेंबर असावा. खोलीत सहा पलंग. पहाटे त्याला जाग आली ती ओल्यातच. तो हलला नाही, कारण हलला की रबरी चादर वाजते. समोरच्या पलंगावरचा मुलगा जागा होता. तो उठून बसला आणि मोठ्याने म्हणाला, "कसला वास येतोय?" तेवढ्यात तुम्ही धुतलेल्या टॉवेलांची चळत घेऊन आलात. लेक म्हणतो, तुम्ही त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. त्याच्या उशालगत कपाटावर पाण्याचा जग असायचा. टॉवेल खाली ठेवायला वाकलात, आणि कोपर लागून तो सगळा जग त्याच्या अंथरुणावर. अख्खा. गादीतून खाली ठिबकेपर्यंत.

"अरे देवा! बघा माझा वेंधळेपणा! गरीब बिचारं पोर, भिजवलं मी त्याला. ऊठ बाळा, ऊठ, कोरडे कपडे घाल. आणि तू," त्या समोरच्याला, "बघत काय बसलायस, खिडकी उघड, आणि हे टोक धर."

'वास येतोय' म्हणणाऱ्या त्या मुलाकडूनच तुम्ही चादर उचलून घेतलीत. मला हे कळलं तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन थांबवली.

मी लेकाला विचारलं, मग तुझ्याकडे बघून डोळा मिचकावला असेल ना त्यांनी? तो म्हणाला, नाही. नंतर एकटा असताना काही बोलल्या? नाही. कधीच? "कधीच नाही. मला बरेच दिवस वाटायचं, खरंच चुकून सांडला."

मेट्रनबाई, याच गोष्टीवर मी अडकून बसलेय. डोळा मिचकावणं किती सोपं होतं. मीच असते तर मिचकावला असता. पण मग ते गुपित झालं असतं, आणि गुपित सांभाळावं लागतं. तुमच्या उपकाराचं ओझं त्या आठ वर्षांच्या पोराने रोज नाश्त्याला तुमच्यासमोर वाहिलं असतं. तुम्ही त्याला तेवढंही दिलं नाहीत. धांदरट ठरलात आणि धांदरटच राहिलात.

पुढे काय झालं ते औषधाच्या पुस्तकात लिहिल्यासारखंच. ओल्या रात्री विरळ होत गेल्या, ईस्टरपर्यंत थांबल्या. तशाही थांबल्या असत्या कदाचित. डॉक्टर म्हणून मी याला चमत्कार म्हणणार नाही. पण तोवर त्याला कुणी नाव ठेवलं नाही, आणि नवीन शाळेत पोरांनी त्याला ज्या कारणाने ओळखलं ते बुद्धिबळ होतं.

माझ्या लहानपणी आमच्या शाळेत एक मावशी होत्या. घंटा द्यायच्या, पाणी भरायच्या, आणि पोटात दुखणाऱ्या मुलीला हेडबाईंच्या खोलीत नेण्याआधी जिन्याखाली बसवून विचारायच्या, "दुखतंय का गं खरंच, की कविता पाठ नाही?" त्यांचा पगार किती होता कोण जाणे. शाळेच्या शंभर टक्के निकालाच्या फलकावर त्यांचं नाव नव्हतं. इथल्या माहितीपुस्तकातही पोहण्याचा तलाव आहे, नाट्यगृह आहे, मोठ्या पब्लिक स्कूलांत किती मुलं गेली त्याची यादी आहे. तुम्ही नाही. व्हॅट आल्यापासून काही लहान शाळा बंद पडल्यात, आणि आमच्या पार्किंगमध्ये पालक आता कुठे कुठे काटकसर होईल यावर बोलतात. 'सपोर्ट स्टाफ' असा शब्द कुणीतरी काढला. मी काही बोलले नाही, पण हेडमास्तरांना त्याच रात्री दीड पानाचं पत्र लिहिलं. ते मात्र इंग्रजीत.

आता पोरांनी तुम्हाला दिलेल्या भेटवस्तूबद्दल. टर्मच्या शेवटच्या दिवशी त्या खोलीतल्या सहा जणांनी खाऊचे पैसे जमवून तुम्हाला झाकणाचा प्लॅस्टिकचा पेला दिला. लहान बाळांचा असतो तसा, दोन कानांचा. वर मार्करने लिहिलं होतं, "मेट्रनसाठी, म्हणजे सांडणार नाही." सगळी पोरं खदखदा हसत होती. कल्पना त्या समोरच्या पलंगावरच्या मुलाची.

लेक गाडीत बसल्यावर आधी खूप हसला. मग गप्प झाला. मग म्हणाला, "आई, एक सांगू? तो जग..."

नव्या टर्मला त्याची बॅग घेऊन वर आले तेव्हा तुम्ही खोलीत चादरींची यादी करत होतात. त्या पेल्याचा मार्कर धुऊन धुऊन फिका झालेला. झाकण नीट लागत नसावं, कारण तुमच्या स्वेटरवर चहाचा डाग होता.

तुमची,
त्या उलट्या पट्ट्यांच्या मोज्यांची आई