वाळूबरोबर काय काय चाललंय ते बघा

संपादक महोदय,

मागच्या महिन्यात आपल्या पेपरात प्रवरा नदीतल्या वाळू उपशावर बातमी आली, त्यात रस्ते खचले, विहिरी आटल्या, महसूल बुडाला हे सगळं होतं आणि ते खरंच आहे, पण वाळूबरोबर नदीकाठची अश्मयुगातली हत्यारं पण चालली आहेत हे कोणीच बोलत नाही म्हणून हे पत्र लिहितोय.

नेवासं म्हटलं की ज्ञानेश्वरी आणि पैस खांब, हे पोराटोरांना पण माहितीये. पण त्याच नेवाशात १९५४ ते ५६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांनी लाडमोडचं टेकाड खणलं होतं हे आमच्या तालुक्यात किती जणांना माहितीये? सांकलिया मूळचे मुंबईचे, जन्म १९०८, गुजराती माणूस. लंडनला पीएच.डी. करताना नावाजलेले ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली उत्खनन शिकले आणि १९३९ ला पुण्यात डेक्कन कॉलेजला आले ते निवृत्तीनंतरही पुण्यातच राहिले. गुजरातेत लांघणज, नर्मदेकाठी नावडातोली, आपल्याकडे जोर्वे, नाशिक, नेवासे, इनामगाव, सगळीकडे माणूस फिरला. १९७४ ला पद्मभूषण मिळालं.

लाडमोडला साधारण तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत एका लहान मुलाचं दफन सापडलं, गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ. मणी ओवलेल्या धाग्याचे तुकडे सुद्धा शिल्लक होते, रेशीम आणि कापूस. धागा एवढी वर्षं टिकतो कसा, तर तांब्याचा गंज त्यात मुरला म्हणून. कुठल्यातरी आईने ओवलेली असेल ती माळ, मी वर्गात हे सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरं पण गप्प व्हायची.

पण माझा मुद्दा टेकाडाचा नाही, नदीचा आहे. सांकलिया नदीकाठच्या दरडी बघत चालायचे. प्रवरेच्या काठाला वाळूगोट्यांचे जुने थर आहेत, दगडासारखे घट्ट झालेले. सगळ्यात खालच्या थरात हातकुऱ्हाडी मिळतात, काळ्या पाषाणाच्या, मोठ्या. त्याच्या वरच्या थरात त्यांना गारगोटी, अकीक असल्या दगडाची छोटी हत्यारं मिळाली, तासण्या, टोच्या. या दोन थरांच्या क्रमावरून त्यांनी दाखवलं की भारतात अश्मयुगाचा मधला टप्पा वेगळा होता, तोवर ते नीट कळलेलंच नव्हतं. म्हणजे जगभरातले अभ्यासक ज्या गोष्टीसाठी नेवाशाचं नाव घेतात ती गोष्ट आमच्या नदीच्या दरडीत आहे आणि आम्ही तीच ट्रॉलीत भरून पाठवतोय!

कोणी म्हणेल दगड काय, जाईल तिथे सापडेल की. तसं नसतं हो. त्या दगडाचं वय तो कुठल्या थरात होता त्यावरून कळतं. जेसीबीने खालचं वर, वरचं खाली केलं आणि ढीग मारला की लाख वर्षांचं हत्यार पण नुसती खडी होतं, मग कितीही मोठा शास्त्रज्ञ आणा, त्याला काही सांगता येणार नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याने सातवीत असताना असाच एक दगड आणून दिला होता, तळहाताएवढा, पिवळसर गारगोटीचा. एका बाजूला घाव बसलेल्या जागी थोडा फुगवटा, आणि कड अशी बारीक बारीक टवके काढून धारदार केलेली. नदीत गोल झालेल्या गोट्याला अशी कड नसते, हात लावला की फरक कळतो. मी त्याला विचारलं कुठे सापडला, तर घाटाजवळच्या वाळूच्या ढिगात म्हणाला. दरडीत कुठे होता ते आता कधीच कळणार नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

सांकलियांचं काम त्यांच्यानंतरही डेक्कन कॉलेजमध्ये चालू आहे, जाणकार माणसं पुण्यातच आहेत. मग वाळूचा घाट द्यायच्या आधी अशा एखाद्या माणसाने दोन दिवस दरडीवरून चालून बघावं, जिथे जुने थर उघडे आहेत तेवढा पट्टा सोडावा, एवढीच मागणी आहे. आणि आपल्या पेपरने पण जुनं काही सापडलं की गुप्तधनाची बातमी करू नये, कारण दुसऱ्या दिवशी लोक फावडी घेऊन तिथे येतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आपल्या वार्ताहराला बघायचं असेल तर मी सोबत येतो, दरड कुठे उघडी आहे ते मला माहितीये. फक्त पावसाआधी या, नंतर खाली उतरता येत नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. नेवासे, जि. अहिल्यानगर